प्रभाग रचनेत वस्ती फुटली तर: हरकत कशी लिहावी, कशी मांडावी

महापालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी प्रारूप (कच्ची) प्रभाग रचना जाहीर झाली की दोन दिवसांत मोबाइलवर नकाशे फिरू लागतात, आणि एखाद्या वस्तीच्या लक्षात येतं की तिच्या मधल्या गल्लीवरूनच रेघ गेली आहे. अर्धी वाडी प्रभाग सातमध्ये, अर्धी आठमध्ये. पाण्याची टाकी एका प्रभागात आणि ती ज्यांच्यासाठी बांधली ती घरं दुसऱ्यात. लोक चिडतात, निवेदन देतात, आणि अंतिम रचनेत रेघ जिथल्या तिथे राहते. बऱ्याचदा कारण एकच असतं: निवेदनात वस्तीवरचा अन्याय सविस्तर लिहिलेला असतो, पण रेघ नेमकी कुठून उचलून कुठे ठेवायची हे कुठेच नसतं. अधिकाऱ्याला नकाशा बदलायचा असेल तर त्याला प्रगणक गटांचे (जनगणनेसाठी पाडलेल्या छोट्या तुकड्यांचे) क्रमांक लागतात आणि बदलानंतरची दोन्ही प्रभागांची लोकसंख्या लागते. तेवढं तुम्ही हातात ठेवलं तर हरकतीला वजन येतं.

हे काम प्रारूपाच्या टप्प्यावरच का करायचं, तेही आधी समजून घ्या. राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-यछ (नगरपालिका) आणि २४३-ण (पंचायती) यांनी प्रभाग आखणीच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्यावर बंधन घातलं आहे. लोक तरीही याचिका करतात, पण त्या भरवशावर राहू नये. सामान्य नागरिकाचं म्हणणं कागदावर नोंदवून घेतलं जाईल अशी हक्काची जागा म्हणजे हरकती व सूचनांची मुदत. ती फार छोटी असते. २०२५ मध्ये जिल्हा परिषदांच्या प्रारूपावर १४ ते २१ जुलै एवढाच वेळ होता. मुंबई महापालिकेच्या प्रारूपावर २२ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर. म्हणून तयारी प्रारूप येण्याआधीच सुरू झालेली बरी.

आधी नियम

महापालिकेचा प्रभाग २०११ च्या जनगणनेच्या प्रगणक गटांतून जुळवतात. प्रगणक गट म्हणजे जनगणनेच्या वेळी एका प्रगणकाला मोजायला दिलेला तुकडा, साधारण सहाशे ते आठशे माणसांचा. हा गट शक्यतो फोडायचा नसतो. त्यामुळे ‘आमच्या चाळीची शेवटची तीन घरं इकडे घ्या’ ही मागणी जवळपास कधीच मान्य होत नाही, मात्र ‘गट क्रमांक अमुक पूर्ण इकडे घ्या’ ही होऊ शकते. तुमची मागणी नेहमी पूर्ण गटांच्या भाषेत मांडा.

दुसरा नियम सरासरीचा. शहराची लोकसंख्या भागिले एकूण सदस्यसंख्या, गुणिले त्या प्रभागातील सदस्यसंख्या, ही झाली त्या प्रभागाची सरासरी. प्रभागाची लोकसंख्या तिच्यापेक्षा १० टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालते. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक असतो. २०११ ची लोकसंख्या १,२४,४२,३७३ आणि जागा २२७, म्हणजे सरासरी सुमारे ५४,८००. बाकीच्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग असतात, बहुतेक चार सदस्यांचे. नगरपरिषदेत सहसा दोन सदस्यांचा प्रभाग, नगरपंचायतीत एकाचा.

तिसरा, सीमांचा. प्रभाग सलग हवा. सीमा शक्यतो रस्ता, नदी, नाला, रेल्वेमार्ग, डोंगर, उड्डाणपूल अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवरून जावी. इमारत, चाळ, घर यांचे दोन तुकडे होऊ नयेत. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांचं शक्यतो विभाजन होऊ नये याची दक्षता घेण्याची सूचना राज्य निवडणूक आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. तुमची वस्ती त्यात बसत असेल तर हा मुद्दा हरकतीत पहिल्या परिच्छेदात आला पाहिजे, तिसऱ्या पानावर नव्हे.

आखणीचा क्रमही ठरलेला असतो: उत्तरेकडून सुरुवात, मग ईशान्य, पूर्व, पूर्वेकडून पश्चिमेकडे येत शेवट दक्षिणेला. हा क्रम जाणून घेण्याचा एक व्यावहारिक उपयोग आहे. आधीच्या प्रभागांत थोडी थोडी उरलेली लोकसंख्या पुढे ढकलली जाते आणि तिचा ताण शेवटच्या प्रभागांवर येतो. दक्षिणेकडच्या वस्त्यांनी प्रारूप जास्त बारकाईने तपासावं.

लोकांचं म्हणणं कसं गोळा करायचं

सर्वांत जास्त घाई इथे होते आणि सर्वांत जास्त नुकसानही इथेच. सभेत उभं राहून ‘तुम्हाला कोणत्या प्रभागात राहायचंय?’ असं विचारलं की चर्चा पाच मिनिटांत नगरसेवकांवर जाते. मग हरकत कोणाच्या तरी तिकिटासाठी केल्यासारखी दिसते, आणि सुनावणीत ती तशीच वाचली जाते. प्रश्न रोजच्या वापराचे विचारा. पाणी आलं नाही तर कोणत्या चावीवाल्याकडे जाता? मुलं कोणत्या शाळेत? रेशन कुठे? पावसात नाला भरला की कोणत्या बाजूने बाहेर पडता? कचऱ्याची गाडी कुठून वळते? मयत झालं तर कोणत्या स्मशानभूमीत नेता? या उत्तरांतून वस्तीची खरी हद्द आपोआप उमटते.

प्रश्न विचारायला वस्तीच्या मधल्या घरांपेक्षा कडेच्या घरांकडे जा. मधल्यांना आपण एकाच वस्तीचे याबद्दल शंका नसते. हद्द ठरते ती शेवटच्या ओळीतल्या घरांवरून. चारही बाजूंच्या शेवटच्या दहा-दहा घरांना विचारलं तरी चित्र स्पष्ट होतं. गावठाण, कोळीवाडा, आदिवासी पाडा, गिरणी कामगारांच्या चाळी, पुनर्वसनात एकत्र आलेल्या इमारती, या प्रत्येकाची हद्द नकाशातल्या नावापेक्षा वेगळी निघू शकते.

मतं फुटली तर ती लपवू नका. वस्तीच्या पूर्वेकडच्या साठ घरांना खरोखर रस्त्यापलीकडच्या प्रभागातच राहायचं असेल, कारण त्यांची शाळा आणि दवाखाना तिकडे आहे, तर तुमच्या मागणीतून तो गट वगळा. ‘संपूर्ण वस्ती एकमुखाने’ असं लिहिलं आणि सुनावणीत त्याच वस्तीतले चार लोक उलट बोलले की सगळी हरकत संशयास्पद ठरते. जेवढ्यांचं एकमत आहे तेवढाच भाग मागा.

एक गोष्ट वस्तीने आधीच शांतपणे ठरवायला हवी: एकत्र राहण्यात खरोखर फायदा आहे का? चार सदस्यांच्या वीस हजारांच्या प्रभागात चार हजारांची वस्ती एकसंध असेल तर चारही उमेदवारांना तिच्याकडे यावंच लागतं. तीच वस्ती दोन प्रभागांत दोन-दोन हजारांनी विभागली तर दोन्हीकडे ती कडेची ठरते आणि दोन्हीकडचे सदस्य तिचं काम पलीकडच्यावर ढकलतात. पण वीस-पंचवीस हजारांच्या मोठ्या वस्तीचं गणित वेगळं असतं. ती एका प्रभागात मावतच नाही, तेव्हा ‘फोडू नका’ म्हणण्यापेक्षा ‘फोडायची तर मधल्या मोठ्या रस्त्यावर फोडा, चाळीच्या मधून नको’ ही मागणी जास्त शहाणपणाची.

आकडे कुठून आणायचे

प्रारूपाच्या अधिसूचनेसोबत प्रत्येक प्रभागाची एकूण लोकसंख्या, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींची लोकसंख्या, व्याप्ती आणि चारही दिशांच्या सीमांचं वर्णन असतं. नकाशे कार्यालयात आणि संकेतस्थळावर पाहायला ठेवतात. वर्णन आणि नकाशा दोन्ही ताडून पाहा. वर्णनात नाला म्हटलेला असतो आणि नकाशातली रेघ नाल्याच्या अलीकडच्या गल्लीतून जाते, असं घडतं. अशी विसंगती सापडली तर ती सर्वांत आधी लिहा, कारण ती कोणालाच नाकारता येत नाही.

गटवार लोकसंख्या आणि गटांच्या हद्दी दाखवणारे नजरी (हाताने काढलेले) नकाशे पाहण्यासाठी पालिकेच्या निवडणूक विभागात प्रत्यक्ष जा आणि लेखी अर्ज देऊन पाहणीची परवानगी मागा. माहिती अधिकारात अर्ज टाकून थांबू नका: उत्तरासाठी कायद्यानेच ३० दिवस दिले आहेत, आणि तोवर मुदत संपलेली असते. प्रारूप येण्याच्या दोन-तीन महिने आधी अर्ज केला तर गोष्ट वेगळी.

इथे तीन आकडे हमखास गल्लत करतात. मतदारसंख्या चालत नाही, लोकसंख्याच लागते. आजची लोकसंख्या चालत नाही. तुमच्या इथे दहा नवे टॉवर झाले असले तरी हिशेब २०११ चाच होतो. आणि मतदार यादीचा भाग क्रमांक म्हणजे प्रगणक गट नव्हे, दोन्हींच्या हद्दी वेगळ्या असतात.

गणित जुळवणं

समजा शहराची लोकसंख्या ३,४५,००० आणि जागा ६८. प्रत्येक सदस्यामागे ५,०७३. चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी २०,२९४. दहा टक्के सोडून खालची मर्यादा १८,२६५ आणि वरची २२,३२३.

प्रभाग ७ ची लोकसंख्या २०,९०० आणि प्रभाग ८ ची १८,९००. तुमच्या वाडीचा मोठा भाग सातमध्ये आहे आणि तीन गट (६४०, ७१० आणि ५८०, मिळून १,९३०) आठमध्ये गेलेत. ‘हे तीन गट सातमध्ये आणा’ एवढंच मागितलं तर सात होतो २२,८३०, मर्यादेच्या वर. आठ उरतो १६,९७०, मर्यादेच्या खाली. दोन्ही बाजूंनी नियम मोडतो, आणि अधिकारी एका ओळीत हरकत फेटाळतो. त्याचं चुकत नाही.

आता सातच्या दुसऱ्या कडेला पाहा. नाल्यापलीकडचे, आठला लागून असलेले दोन गट आहेत, ७०५ आणि ७४५, मिळून १,४५०. ते आठला द्या. सात झाला २१,३८०. आठ झाला १८,४२०. दोन्ही मर्यादेत, वाडी एकसंध, आणि सीमा गल्लीतून निघून नाल्यावर आली. आता अधिकाऱ्यापुढे नकार देण्याचं कारणच उरत नाही, निदान सोपं कारण तरी.

अदलाबदल सुचवताना चार गोष्टी तपासा. जे गट तुम्ही देऊ करताय ते पलीकडच्या प्रभागाला खरोखर लागून आहेत का, मध्ये दुसरा गट येऊन तुकडा तुटत तर नाही ना. त्यांत दुसऱ्या कोणाची वस्ती फुटत नाही ना. आपली वाडी जोडायला शेजारच्यांची तोडली तर तिकडून उलट हरकत येणार, आणि यायलाच हवी. शक्य असेल तर त्या घरांना आधी भेटा, त्यांची संमती सहीनिशी जोडा. तिसरं, बदल दोनच प्रभागांत मिटतो का? तीन-चार प्रभागांत साखळी लागली की मान्यतेची शक्यता झपाट्याने कमी होते. साखळी टाळता येत नसेल तर प्रत्येक प्रभागाचा आधीचा आणि नंतरचा आकडा तक्त्यात द्या. चौथं, अनुसूचित जाती-जमातींचे आकडेही मांडा. आरक्षण ठरवताना प्रभागातल्या त्यांच्या लोकसंख्येची टक्केवारी उतरत्या क्रमाने पाहतात. तुमच्या बदलामुळे प्रभाग त्या यादीत वर-खाली जाऊ शकतो. हे मांडलं नाही तर सुनावणीत कोणीतरी ‘आरक्षण फिरवायला केलेली हरकत’ असा आरोप करतं.

एकच पर्याय देऊ नका. दुसरा, थोडा कमी समाधानाचा पर्यायही द्या, उदाहरणार्थ तीनऐवजी फक्त दोन गट हलवणारा.

अर्जाचा मजकूर

दोन पानांपेक्षा मोठा नको. साधारण असा:

‘विषय: प्रारूप प्रभाग क्र. ७ व ८ यांच्या सीमेबाबत हरकत व सूचना.

प्रारूप रचनेत … वाडी ही सलग वस्ती प्रभाग ७ व ८ मध्ये विभागली गेली आहे. प्रगणक गट क्र. …, … व … (एकूण लोकसंख्या १,९३०) प्रभाग ८ मध्ये आहेत. या तिन्ही गटांतील रहिवाशांचा येण्या-जाण्याचा एकमेव रस्ता, पाणीपुरवठ्याची टाकी आणि प्राथमिक शाळा प्रभाग ७ मध्ये आहेत. प्रारूपातील सीमा रस्ता, नाला किंवा अन्य नैसर्गिक हद्दीवरून न जाता वस्तीतील अंतर्गत गल्लीतून जाते.

सूचना: वरील तीन गट प्रभाग ७ मध्ये समाविष्ट करावेत आणि नाल्याच्या पूर्वेकडील गट क्र. … व … (एकूण लोकसंख्या १,४५०) प्रभाग ८ मध्ये समाविष्ट करावेत. बदलानंतर प्रभाग ७ ची लोकसंख्या २१,३८० व प्रभाग ८ ची १८,४२० होईल. दोन्ही विहित मर्यादेत आहेत. नवी सीमा नाल्यावरून जाईल. नकाशा व तक्ता सोबत जोडला आहे. सुनावणीस हजर राहून म्हणणे मांडण्याची संधी मिळावी.’

खाली अर्जदाराचं नाव, पूर्ण पत्ता, मोबाइल, सही. जोडपत्रात नकाशा: प्रारूपाच्याच नकाशाची प्रत घ्या, जुनी रेघ एका रंगात, सुचवलेली दुसऱ्या रंगात, गट क्रमांक ठळक. टाकी, शाळा आणि एकमेव रस्ता त्यावर खुणा करून दाखवा. शेजारी दोन-तीन फोटो असले की पुरे.

माजी नगरसेवकांची नावं, पक्षांचे उल्लेख, कोणाला फायदा व्हावा म्हणून रेघ ओढली असा आरोप, यांतलं काहीही अर्जात नको. आरोप खरा असला तरी तो या अर्जात सिद्ध होत नाही आणि बाकीचा मुद्दा मात्र झाकोळतो. एखाद्या जातीचे किंवा धर्माचे लोक एकत्र राहावेत एवढंच कारणही पुरेसं नाही. त्या लोकांच्या रोजच्या गरजा कशा एकमेकांत गुंतल्या आहेत ते दाखवा. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्तीबाबत मात्र नियमच तुमच्या बाजूने आहे, तिथे तो स्पष्ट सांगा.

एकाच मजकुराच्या तीनशे झेरॉक्स सह्या करून देण्याची पद्धत आहे. त्या एकाच विषयाखाली एकत्र होतात आणि एकच उत्तर मिळतं. त्यापेक्षा एक नेमका अर्ज, त्याला घर क्रमांकासह सह्यांची यादी, आणि सोबत चार-पाच वेगळे अर्ज: शाळेच्या पालकांचा, पाणीवाटपाबद्दल महिला बचत गटाचा, रुग्णवाहिका कुठून येते यावर कडेच्या घरांचा. प्रत्येकाचा अनुभव वेगळा, सुचवलेली रेघ मात्र तीच असू द्या.

देणं आणि मांडणं

अर्ज अधिसूचनेत दिलेल्या कार्यालयातच द्या. महापालिकेत हे सोपं असतं. नगरपरिषदेत अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे, सुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी घेतो. जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण यांबाबत निर्णय विभागीय आयुक्त देतात. ग्रामपंचायतीच्या प्रभागांवरची हरकत तहसीलदारांकडे जाते आणि सुनावणी प्रांत (उपविभागीय अधिकारी) घेतात. शेवटच्या दिवशी जाऊ नका. मुदत दुपारी तीनला संपते असं अधिसूचनेत असेल तर तीननंतर आवक बंद. पोच घ्या, आवक क्रमांक आणि शिक्का तपासा. पोच नसेल तर सुनावणीच्या यादीत नाव शोधताना हाल होतात.

सुनावणीत ज्यांनी लेखी हरकत दिली त्यांनाच बोलू देतात आणि वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. पहिलं वाक्य असं असावं: ‘सात आणि आठच्या सीमेवरचे तीन गट इकडे, दोन तिकडे, दोन्ही प्रभाग मर्यादेत राहतात.’ मग नकाशा पुढे करा. वस्तीचा इतिहास वेळ उरला तर. दहा जण एकदम आत शिरण्यापेक्षा एकाने आकडे, एकाने रोजची अडचण सांगावी, आणि ती अडचण सांगणारी शक्यतो कडेच्या घरातली बाई असावी, जिला हंडा घेऊन ती सीमा रोज ओलांडावी लागते.

गावाकडे थोडं वेगळं

ग्रामपंचायतीत सदस्यसंख्या लोकसंख्येवर ठरते: १,५०० पर्यंत ७, आणि ७,५०० च्या वर १७. प्रभाग छोटे असल्याने दीडशे-दोनशे माणसांची वाडीसुद्धा गणित हलवते. इथे ओढा, शिवरस्ता, वाडीला जाणारी पायवाट यांना महत्त्व आहे. पावसाळ्यात चार महिने तुटणारी वाडी पलीकडच्या प्रभागात टाकली असेल तर तेच पहिलं कारण. गट-गणांच्या बाबतीत एका ग्रामपंचायतीचे दोन गणांत तुकडे होऊ नयेत हे तत्त्व आहे, म्हणून मागणी पूर्ण ग्रामपंचायतीच्या भाषेत करा.

विधानसभा आणि लोकसभेच्या सीमा परिसीमन आयोग ठरवतो. महाराष्ट्रातले आजचे २८८ विधानसभा आणि ४८ लोकसभा मतदारसंघ २००२ च्या परिसीमन कायद्याखाली, २००१ च्या जनगणनेवर आखलेले आहेत. त्या कायद्याच्या कलम ९ मध्ये सलगता, भौगोलिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय हे निकष आहेत. तिथे बोलायची भाषा प्रगणक गटांची नसते. तालुका, महसूल मंडळ आणि तलाठी सजा यांची असते. आयोग प्रस्ताव राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती मागवतो आणि जाहीर बैठका घेतो. ८४ व्या घटनादुरुस्तीनुसार जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे आणि येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. ज्या तालुक्यांचं एक मंडळ शेजारच्या मतदारसंघात गेलंय, त्यांनी रस्ते, बाजारपेठ, तहसील कार्यालयाचं अंतर यांची टिपणं आतापासून ठेवावीत.

अंतिम रचना आल्यावर

नकाशा पुन्हा उघडून गट क्रमांक तपासा. प्रभागांचे क्रमांक बदललेले असू शकतात, म्हणून क्रमांकावरून नव्हे, सीमांवरून शोधा. हरकत मान्य झाली असेल तर लगेच सुटल्यासारखं वाटतं, पण अजून मतदार यादीचं विभाजन बाकी असतं. विधानसभेची यादी फोडून प्रभागवार यादी करताना सीमेलगतच्या घरांची नावं पलीकडच्या प्रभागात पडतात. ही तक्रार रचनेच्या हरकतीत चालत नाही आणि तिची मुदतही वेगळी असते. प्रारूप यादी आली की वस्तीच्या त्याच कडेच्या घरांपासून सुरुवात करा, घर क्रमांक लावून नावं ताडा, आणि चुकलेल्या नावांची यादी एकत्र करून त्या मुदतीत द्या.